सुपरचार्जरसाठी क्रँकशाफ्ट आणि हब

सुपरचार्जर फिरवण्याची ताकद इंजिनच पुरवते आणि ती क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरून पट्ट्यामार्फत जाते. त्यामुळे जास्त हवा कोंबल्याने वाढलेला ज्वलनाचा दाब जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागांवर) आणि पट्ट्याचा ताण टोकावर, असा दुहेरी भार क्रँकला सोसावा लागतो. शेव्हरोलेच्या एलएस१ इंजिनात क्रँक ओतीव लोखंडाचा होता. २००९च्या कॉर्व्हेट झेडआर१मधील सुपरचार्ज्ड एलएस९ला मात्र घडीव पोलादाचा दिला गेला. सुटे मिळणारे मजबूत क्रँक बहुधा ४३४० या निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाचे असतात. जर्नलच्या कोपऱ्यातील गोलाई नीट पाहावी. तडा बहुतेकदा तिथूनच सुरू होतो.

खरी नाजूक जागा हबची, म्हणजे क्रँकच्या पुढच्या टोकावर बसणाऱ्या बॅलन्सरच्या मधल्या भागाची. एलएस१मध्ये बॅलन्सरला चावी नसते. घट्ट बसवणी आणि एकच बोल्ट यांच्या जोरावर तो टिकतो. भार वाढला की हब टोकावर सरकतो, दोन्ही पृष्ठभाग खरवडले जातात आणि बोल्ट सैल होतो. म्हणून हब पोलादाचा घ्यावा आणि हब व क्रँक यांच्या सांध्यावर भोक पाडून त्यात कडक पोलादाची पिन ठोकावी, किंवा चावीसाठी खाच पाडून घ्यावी. कारखान्याचा मूळ बोल्ट आवळताना कायमचा ताणला जातो. तो दुसऱ्यांदा वापरू नये.