ग्रुप आहे, पण सोबत आहे का?

डोंबिवलीहून रोज ठरलेली लोकल पकडणाऱ्या कुणालाही विचारा. दोन दिवस गाडीत दिसला नाहीत, की तिसऱ्या दिवशी फोन येतो, ‘काय रे, बरा आहेस ना?’ आता तुमच्या डिस्टन्सच्या वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडा. तिथे महिनाभर गप्प राहिलात, तर कुणाच्या लक्षात येईल?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत नोकरी आणि घर सांभाळून पदवी करणारे कमी नाहीत. मुंबई विद्यापीठात दूरशिक्षण १९७१ मध्ये सुरू झालं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये उभं राहिलं. पुस्तकं घरी आली, लेक्चर मोबाइलवर आली. राहून गेला तो कट्टा. ‘मला हे कळलंच नाही’ असं बिनधास्त म्हणायची जागा. पस्तिशीत पुन्हा पुस्तक उघडणाऱ्याला ती जास्तच लागते, कारण ‘एवढंही येत नाही?’ ही धास्ती त्यालाच मोठी.

गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या कॅनडातल्या अभ्यासकांनी २००० मध्ये मांडलं, की ऑनलाइन शिकताना तीन गोष्टी हव्यात: माणसांची ओळख, विषयावर खरी चर्चा आणि तिला दिशा देणारं कुणीतरी. हे तपासायला पुढे ३४ विधानांची प्रश्नावलीही आली. तुम्हाला एवढं नको. गेल्या आठवड्याचे मेसेज वर सरकवत जा आणि मोजा. शंका किती आल्या? उत्तर किती जणींना, किती जणांना मिळालं आणि किती वेळात? उत्तर देणारे तेच दोघं-तिघं आहेत का? गुड मॉर्निंग आणि पीडीएफ धरू नका!

आकडा लाजिरवाणा निघाला? मग सूचनांसाठी मोठा ग्रुप राहू द्या, अभ्यासासाठी आठ-दहा जणांचा वेगळा करा. आठवड्याला एक धडा ठरवा. तो आपल्या शब्दांत सांगायची पाळी लावा. व्हॉइस नोट चालेल. शिफ्टवाल्याला ती रात्री घरी गेल्यावर ऐकता येते. आणि एक लक्षात ठेवा, लिहीत नाही तो शिकत नाही, असं नसतं. काही जण नुसतं वाचूनही शिकतात. पण गप्प बसलेला वाचतोय की सोडून चाललाय, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

म्हणून आज एवढंच करा. बरेच दिवस न दिसलेल्या एकाला पर्सनल मेसेज टाका, ‘कुठल्या धड्यावर अडलायस?’