मेंदूतील अर्बुदे, बालवयातील : प्रारण चिकित्सेचे उत्तरपरिणाम

मेंदूतील अर्बुदावर बालपणी प्रारण चिकित्सा (उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांनी करावयाचा उपचार) झाल्यानंतर काही महिन्यांपासून कित्येक वर्षांपर्यंत दिसून येणाऱ्या शारीरिक व बौद्धिक बदलांना ‘उत्तरपरिणाम’ म्हणतात. निमस्तिष्कातील मेड्युलोब्लास्टोमा या मारक अर्बुदातून मुले वाचू शकतात, हे १९५३ मध्ये मँचेस्टर येथील एडिथ पॅटरसन व आर. एफ. फार यांनी संपूर्ण मेंदू व मेरुरज्जूला किरण देऊन दाखविले. त्यानंतर मुले वाचू लागली आणि म्हणूनच उत्तरपरिणामही दिसू लागले.

किरणांमुळे मेंदूतील श्वेत द्रव्य, सूक्ष्म रक्तवाहिन्या व स्मृतीशी संबंधित भागातील मूळ कोशिका यांना इजा होते. मूल आधी शिकलेले सहसा विसरत नाही. त्याचा नवे शिकण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे बरोबरीच्या मुलांपासूनचे अंतर वर्षागणिक वाढते आणि बुद्धिगुणांक घटलेला दिसतो. वय जितके लहान व मात्रा जितकी मोठी, तितकी हानी अधिक. म्हणून तीन वर्षांखालील मुलांत प्रथम औषधे देऊन किरणोपचार शक्य तेवढे लांबणीवर टाकतात.

पोष ग्रंथी व अधोथॅलॅमस यांवरील परिणाम अधिक फसवे असतात. वृद्धिहॉर्मोनाची उणीव बहुधा सर्वांत आधी येते. मात्र काही मुले अकालीच वयात येतात व त्या भरात उंची वाढत असल्याचा भास होतो. वाढ लवकर थांबल्यावरच खरी उणीव लक्षात येते. पाठीच्या कण्यावर किरण पडले असल्यास धड आखूड राहते, म्हणून उभ्याबरोबर बसलेली उंचीही मोजावी लागते. अवटू ग्रंथीची मंदता रोजच्या गोळीने भरून निघते. कॉर्टिसोलाच्या उणिवेत मात्र ताप, वांत्या वा शस्त्रक्रिया अशा प्रसंगी औषधाची मात्रा वाढवावी लागते. एरवी जीव धोक्यात येतो. यांखेरीज श्रवणदोष (सिसप्लॅटिन हे औषध दिले असल्यास अधिक), पक्षाघात आणि काही दशकांनी उद्भवणारी मेनिंजिओमासारखी नवी अर्बुदे हेही परिणाम संभवतात.

हानी कमी करण्याच्या प्रयत्नांत मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील चाचणी महत्त्वाची आहे. तीत २००१ ते २०१२ या काळात सौम्य वा मंदगती अर्बुदे असलेल्या ३ ते २५ वर्षे वयाच्या २०० रुग्णांना सहा आठवड्यांत ३० हप्त्यांनी ५४ ग्रे मात्रा देण्यात आली. निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने व निम्म्यांना अर्बुदाच्या आकाराबरहुकूम किरण रोखणाऱ्या स्टिरिओटॅक्टिक पद्धतीने. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या गटात बुद्धिगुणांक अधिक टिकला. पाच वर्षांत नव्याने उद्भवलेले हॉर्मोनदोष या गटात ३१ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के होते. जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. निरोगी ऊतकांवरील मात्रा आणखी घटविणारी प्रोटॉन चिकित्सा टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत २०२३ पासून उपलब्ध आहे.

उपचार संपले म्हणजे प्रश्न संपला, असे कुटुंबास वाटणे स्वाभाविक आहे. टाटा रुग्णालयात बऱ्या झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र पाठपुरावा विभाग आहे; पण जळगाव वा धुळे जिल्ह्यातून उपचारासाठी गेलेल्या मुलाला तीन-चारशे किमी.चा प्रवास आणि आईवडिलांचा बुडणारा रोजगार यांमुळे तेथे वर्षानुवर्षे जाणे कठीण पडते. उंची, वजन, रक्तातील अवटू हॉर्मोन व श्रवण यांची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणीही होऊ शकते. हळू लिहिणारे मूल आळशी ठरू नये, यासाठी शिक्षकांना पूर्वेतिहास सांगणे इष्ट असते. बौद्धिक चाचणी घेतानाही काळजी हवी : घरी अहिराणी बोलणाऱ्या खानदेशी मुलाची केवळ प्रमाण मराठीतून परीक्षा घेतल्यास भाषेची अडचण मेंदूच्या खाती जमा होते. उपचारापूर्वीची चाचणी हाती असल्यास तुलना अधिक विश्वसनीय ठरते. किरणांची मात्रा, क्षेत्र व तारखा नोंदविलेला उपचार-सारांश कुटुंबाने कायम जपावा लागतो; कारण वीस-तीस वर्षांनी डोकेदुखी वा फेफरे घेऊन आलेल्या प्रौढाची तपासणी कोणत्या दिशेने करावयाची, हे डॉक्टर त्यावरून ठरवितात.