शिंग्रोबाच्या वळणावर

२३ जानेवारीला पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीचा शेवटचा टप्पा पाहून घरी आलो आणि रात्री झोपच लागली नाही. पाच दिवस, ४३७ किलोमीटर, परदेशी संघ, यूसीआयचा, म्हणजे जागतिक सायकलिंग महासंघाचा दर्जा. आयुष्यभर याचीच वाट पाहिली होती. कठड्यामागे तासभर उभा राहिलो, घोळका घोंगावत आला आणि अर्ध्या मिनिटात दिसेनासा झाला. शेजारचा तरुण म्हणाला, "काका, आपल्याकडे शर्यत पाहिली ती पहिल्यांदाच!" तो 'पहिल्यांदाच' मला लागला.

मी खोपोलीचा. आमची शर्यत म्हणजे मुंबई-पुणे. लहानपणीचं धूसर आठवतं. दोन हजार सालानंतरचं सांगण्यासारखं फारसं नाही. मनात राहिलं ते नव्वदचं दशक.

शर्यतीच्या दिवशी बाबा आणि मी सकाळीच बोरघाट चढून शिंग्रोबाच्या देवळापाशी जाऊन बसायचो. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर. गाडीवाले आजही त्याला नाणं टाकून पुढे जातात. सायकलपटूंची खरी परीक्षा तिथेच. खोपोलीपर्यंत सपाटीवर रेल्वेची, सेनादलाची पोरं एकमेकांच्या आडोशाला वारा चुकवत यायची. चढावर वेगच उरत नाही, मग आडोसा काय कामाचा? ज्याच्या मांड्यांत दम, तो पुढे. माथ्यावर पहिला पोचेल तो 'घाटाचा राजा'. पुण्यात कोण जिंकलं यापेक्षा आम्हाला त्याचंच अप्रूप.

एका वर्षी ऐन वळणावर एकाची चेन उतरली, माझ्यापासून दोन हातांवर. पायांचे पट्टे सोडवून तो उतरला. बोटं ग्रीसनं काळी, घाम टपटप दांडीवर. चेन बसवून पुन्हा चढला, पण सायकल पुढे सरकेना. मी ढकलायला धावलो. बाबा ओरडले, "हात लावू नकोस, बाद होईल तो!" मी हात पाठीमागे धरून त्याच्या बाजूनं पळत राहिलो, शंभर पावलं तरी. त्याची धाप अजून कानात आहे.

२००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला. खंडाळ्याजवळ जुना आणि नवा रस्ता काही अंतर एकच आहे. तिथे शर्यतीसाठी वाहनं अडवणं सोपं नाही, हे कळतं मला. पण रस्ता मोकळा ठेवता येतो, खड्डे बुजवता येतात, चौकाचौकांत पोलीस उभे करता येतात, हे या जानेवारीत दिसलंच ना? मग आमच्या शर्यतीसाठी हे करायला कुणाचं मन का झालं नाही? एका आयोजकांना मी तेव्हा विचारलं होतं. "आता बघतं कोण ती शर्यत?" म्हणाले. आम्ही बघत होतो. पाण्याच्या बादल्या घेऊन घाटात दुतर्फा उभे असायचो.

परवा शिंग्रोबाला गेलो. एक पोरगा उभ्यानं पेडल मारत वर येत होता, एकटाच. मी त्याच्या बाजूनं चालू लागलो. हात आपोआप पाठीमागे गेले.