फूल टू अंडरग्राउंड!

फुलानं उमलायचं कुठे? फांदीवर, वेलीवर, गेला बाजार चिखलात. पण पश्चिम ऑस्ट्रेलियातलं एक ऑर्किड चक्क जमिनीखाली उमलतं, माहीत आहे का? रायझँथेला गार्डनेरी तिचं नाव. वाढणं, फुलणं, फळणं, सगळा कारभार मातीच्या आत. पोलिसांना चकवणारे डॉनसुद्धा इतके पक्के अंडरग्राउंड नसतात!

पत्ता? कॉरिगिन आणि बाबाकिन या गावांचा टापू. या पट्ट्याला ‘व्हीटबेल्ट’ म्हणतात, म्हणजे गहूच गहू. त्यातून वाचलेल्या झुडपी रानाच्या तुकड्यांत बाईसाहेबांचा मुक्काम. आमची कुठेही शाखा नाही!

आता शोधाची गंमत. १९२८ साल. कॉरिगिनचे जॅक ट्रॉट बागेत काम करत होते. जमिनीला एक विचित्र भेग दिसली. वाकून बघतात तर मातीतून गोड वास! उकरलं, आणि आत फूल. गाजावाजा एवढा झाला की त्याची मेणाची प्रतिकृती म्युझियममधून फिरवली गेली. मेणाचा पुतळा झाला म्हणजे सेलिब्रिटीच की!

सापडलं बागेत आणि नाव मिळालं गार्डनरचं! चार्ल्स गार्डनर हे तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ. बारसं केलं ॲडलेडच्या रिचर्ड सँडर्स रॉजर्स यांनी. पेशानं डॉक्टर, पण ऑर्किडचं वेड जबरदस्त.

आणि हे ‘एक फूल’ समजून बघाल तर फसाल. बाहेर फिकट गुलाबी, मलईरंगी पाकळ्यांसारखी छदं. ती बाजूला करा, आत काळपट लाल रंगाची चिमुकली फुलं दाटीवाटीनं बसलेली, कधी कधी शंभराच्या घरात! परागीभवनाला येतात भेगांतून घुसणारे बारीक कीटक. डोअरबेल नाही, सुगंधच पुरे.

पानं नाहीत, हिरवा रंग नाही, ऊन नाही. मग जेवणाचं काय? आयत्या बिळावर नागोबा! बिळातच राहते म्हटल्यावर म्हण अगदी फिट्ट. वर ‘ब्रूम बुश’ नावाचं झुडूप उन्हात राबून अन्न बनवतं. त्याच्या मुळांशी एक बुरशी जोडलेली, आणि त्याच बुरशीला आपल्या बाई चिकटलेल्या. शास्त्रज्ञांनी झुडपाला खुणेचा कार्बन खाऊ घातला, तर तो थेट ऑर्किडमध्ये सापडला. चोरी पकडली!

त्याहून भारी ऐका. हरितलवक, म्हणजे झाडाचा अन्न बनवायचा कारखाना, हिच्याकडे अजूनही आहे. साधारण झाडाच्या हरितलवकात एकशेदहाच्या आसपास जनुकं असतात. हिच्यात? २०११च्या संशोधनानुसार फक्त ३७! अन्न बनवणारी सगळी गायब, बाकीच्या कामांची तेवढी शिल्लक. कारखान्याला टाळं, पण ऑफिस चालू.

बहुतेक ऑर्किडचं बी म्हणजे धूळ. वाऱ्यावर स्वार व्हायचं आणि सुटायचं. जमिनीखाली कुठला आलाय वारा? म्हणून हिची फळं गरदार. पूर्वी छोटे पिशवीवाले प्राणी ती खाऊन बी पसरवत असावेत, असा अभ्यासकांचा कयास. ते प्राणीच या भागातून जवळपास नाहीसे झालेत. डिलिव्हरी बंद!

बघायला जायचंय? तिथल्या थंडीत, मे ते जुलैदरम्यान, जाणकार झुडपांखाली गुडघ्यांवर रांगत, बोटाबोटानं माती सारत हिला शोधतात. इतकं करूनही माहीत असलेली झाडं पन्नासच्या आतच. सेल्फीवाल्यांनी नाद सोडावा.

त्यात २०१८ मध्ये आणखी ट्विस्ट! दक्षिणेला मंगलिनपजवळ वाढणारी झाडं तोवर हिचीच समजली जात होती. ती निघाली वेगळीच प्रजाती. म्हणजे आधीच इवलासा मुलूख, त्याचीही वाटणी झाली.

अशीच एक बहीण दूर पूर्वेला, न्यू साउथ वेल्समध्ये आहे बरं का. १९३१ साली बुलाडेला गावाजवळ ती सापडली, तीही कशी? भलतंच ऑर्किड खणून काढताना!