जुनी होडी पाण्यात उतरवताना

कृष्णाकाठच्या माणसाला होडीचं अप्रूप नाही. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, कराड करत सांगलीला येते आणि हरिपुरापाशी वारणा तिला मिळते. पूल नव्हते तेव्हा दोन्ही काठांची सोयरीक, बाजार, दवाखाना सगळं नावेवर चालायचं. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली झाला. पुढे ठिकठिकाणी पूल झाले आणि नावा काठावर पालथ्या पडल्या. आता आम्हाला होडी आठवते ती दोनदाच, शर्यतीला आणि पुराला.

आम्ही काही मित्रांनी मिळून कोकणातून एक जुनी शिडाची होडी विकत घेतली. सागवानी, पंधरा फूट लांब, पाच फूट रुंद. चिपळूणहून ट्रकवर चढवून कुंभार्ली घाटानं वर आणली. मित्रांना हौस होती शिडाची. माझ्या मनात मात्र पूर होता. समुद्रावरची होडी नदीत सोडायची, त्यात काय एवढं, असं बऱ्याच जणांनी विचारलं. त्यात बरंच काही असतं, ते सांगतो.

पहिलं काम तपासणीचं. जुन्या होडीचा रंग पाहून भुलू नये. सुतारानं आमची होडी पालथी घातली आणि टोच्याचं टोक फळीफळीला लावलं. चांगल्या लाकडात टोक रुतत नाही, कुजलेल्यात लोण्यासारखं जातं. मग हातोडीनं ठोकून आवाज ऐकला. घट्ट लाकूड खणखणतं, पोकळ लाकूड बद्द बोलतं. गंमत अशी, की लाकूड कुजवतं ते खारं पाणी नव्हे, गोडं पाणी. मीठ बुरशीला रोखतं. म्हणून होडी आतून, जिथे पावसाचं पाणी साचतं त्या कोपऱ्यांत, आधी कुजते. समुद्रातला लाकूड पोखरणारा किडा गोड्या पाण्यात मरतो, पण त्याची बिळं मागे राहतात. ती शोधावीच लागतात. खिळ्याभोवती काळा डाग दिसला, तर तो लोखंडी खिळा गंजून सैल झाला समजावं. आमच्या होडीच्या दोन फळ्या आणि बरेच खिळे बदलावे लागले.

दुसरं काम फटींचं. काठावर पडून होडी वाळते. लाकूड आडव्या अंगानं आकसतं आणि फळ्यांच्या सांध्यांतून उजेड दिसू लागतो. नवखा माणूस घाबरून त्या फटी गच्च भरून टाकतो. ते घातक. पाण्यात गेल्यावर फळ्या पुन्हा फुगतात. त्यांना जागाच उरली नाही तर खिळे उपसतात, आतले वाकही तडकतात. म्हणून जुना मसाला खरवडून कापसाची वात बेतानं ठोकायची, वरून राळ आणि तेल एकत्र उकळून लावायचं. मग उथळ पाण्यात दोराला बांधून होडी बुडू द्यायची. दोनतीन दिवसांत लाकूड पाणी पितं आणि सांधे आपोआप मिटतात. पाणी उपसून काढलं, की पुन्हा कुठे पाझरतं ते कळतं.

तिसरं शिडाचं. उन्हानं कापड जिरतं. उजेडात धरून पाहावं, शिवण ओढून पाहावी. डोलकाठीच्या बुडाशी आणि दोर घासतात तिथे लाकूड तपासावं. कृष्णेवर काठ उंच, वळणं फार, त्यामुळे वारा तुटक मिळतो. शिवाय नदीवरून विजेच्या तारा जातात. डोलकाठी तारेला लागली तर अनर्थ होतो. म्हणून ती सहज उतरवता येईल अशी करून घेतली. शीड कोयनेच्या शिवसागरासारख्या मोकळ्या पाण्यासाठी ठेवलं. नदीवर वल्हीच खरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून शेकडा अडीच टक्क्यांनी जड असतं. एक घनमीटर गोडं पाणी हजार किलो, तर समुद्राचं सुमारे एक हजार पंचवीस. म्हणून तीच होडी, तेवढंच ओझं, नदीत थोडं खोल बसतं. हिशेब केला तर आमच्या होडीत साठ किलोचं माणूस चढलं, की ती साधारण सव्वा सेंटीमीटर खाली जाते. वीस माणसं चढली तर पंचवीस सेंटीमीटर. तरीही काठ पाण्यावर राहतो, आणि इथेच फसगत होते. होडी नुसत्या वजनानं बुडत नाही, ती कलंडते. माणसं उभी राहिली की भार वर सरकतो. एका अंगाला झुकली, तळात साचलेलं पाणी त्याच बाजूला धावलं, की सावरायला वेळ मिळत नाही.

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. त्यांत बायका होत्या, लहान मुलं होती. आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. अशा वेळी हाका मारणाऱ्याला मागे ठेवणं कुणाच्या जिवावर येत नाही? म्हणून तो निर्णय पुरात करायचा नसतो, उन्हाळ्यात करायचा असतो.

आम्ही बैठकींच्या खाली बंद रिकामी पिंपं बांधली, म्हणजे होडी पाण्यानं भरली तरी तरंगत राहील. आठ जॅकेटं घेतली. पाणी उपसायचा डबा दोरीनं आतच बांधला. आणि दोन्ही अंगांना पांढऱ्या रंगानं ठळक आकडा घातला : ८. बसून आठ, वल्हेकऱ्यांसकट.

होडी उतरवली त्या दिवशी कुणी नारळ फोडला. मी फातेहा पढून ख्वाजा खिज्रचं नाव घेतलं. पाण्यावरच्या वाटसरूंचा तो राखणदार, असं आमच्याकडे मानतात. नदीनं दोन्ही ऐकलं असेल. पण खिज्रवर भार टाकण्याआधी आपला आकडा आपणच पाळायचा असतो. गावात होडी असेल तर पावसाआधी तिची तपासणी करा, आणि आकडा आजच लिहा. नववा माणूस हात पुढे करील तेव्हा त्याला सांगता आलं पाहिजे, थांब, पुढच्या खेपेला तुलाच न्यायला येतो. आणि परत जायला होडी शाबूत राहिली पाहिजे.