मांजराच्या रक्तातला तह

प्लेगने वऱ्हाडातली गावे ओस पाडली, त्या काळात अमरावतीला अँड्र्यू ब्युकॅनन नावाचे एक सर्जन मांजरांची शिरगणती करत होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले हे लेफ्टनंट कर्नल गावोगावी चौकशी करत आणि किती घरांत मांजर आहे याची नोंद ठेवत. जिथे निम्म्याहून अधिक घरांत मांजर आहे, त्या गावात प्लेग शिरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी मांजरांची बाजू मांडणारा लेखच लिहिला. मांजर पाळणाऱ्या गावांत बाकी काय वेगळे होते हे तपासल्याशिवाय अशा मोजणीला पुरावा म्हणता येणार नाही. पण उंदरावर नजर ठेवा, हा त्यांचा रोख बरोबर होता. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत उंदराच्या पिसवेवर बोट ठेवले होते. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे ते सिद्ध करत आणले.

प्लेगचा उंदीर खाल्लेल्या मांजराचे पुढे काय होते, हे नीट कळायला मात्र बराच काळ गेला. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सोळा मांजरांना प्लेगने मेलेले उंदीर खाऊ घातले. सहा मेली. सात तापाने फणफणली, गळ्याखाली गाठी आल्या आणि ती हळूहळू सावरली. उरलेल्या तिघांना काहीच झाले नाही. कुत्र्याला प्लेगची लागण होते, पण तो सहसा गंभीर आजारी पडत नाही. मांजराचे तसे नाही. न्यू मेक्सिकोत १९७७ ते १९८८ या काळात मांजरांमधल्या प्लेगच्या ११९ घटना नोंदल्या गेल्या. म्हणजे ब्युकॅननसाहेबांचे पहारेकरी स्वतःच पहिल्या फळीत मरू शकत होते.

प्लेगच्या जंतूची चाल धूर्त आहे. पिसवेच्या थंड शरीरात त्याच्या कवचावर जो रेणू असतो, तो रोगप्रतिकारक पेशींना चटकन ओळखता येतो. सस्तन प्राण्याच्या उबदार रक्तात आला की जंतू त्या रेणूची घडण बदलतो आणि पहारा चुकवतो. मोठ्या भक्षक पेशी त्याला गिळतात, तरी तो आत जिवंत राहतो आणि लसिकाग्रंथींपर्यंत पोचतो. मांजराने उंदीर तोंडाने धरलेला असल्याने जबड्याखालची ग्रंथीच बहुधा आधी सुजते. बांध फुटला की जंतू रक्तात.

महाराष्ट्राला प्लेग अगदीच परका झालेला नाही. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगची साथ आली होती. रायगडात मात्र भीती आहे ती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची. पेणच्या रामवाडीपासून रोह्यापर्यंतचा पट्टा भाताचा आणि पावसाचा. बांधात उंदीर, घरात धान्य, म्हणून दारात मांजर असतेच. इथे उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यात अनवाणी उतरणाऱ्या माणसाला लेप्टो गाठतो. त्याच शिवारात उंदीर मारून खाणाऱ्या मांजराच्या रक्तात लेप्टोच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे सापडू शकतात, म्हणजे त्याच्याशी गाठ पडून गेलेली असते; तरी आजार क्वचितच उमटतो. कुत्र्याला याच जंतूने मूत्रपिंड आणि यकृत निकामी होऊन मरण येऊ शकते. एकाच प्राण्याची प्रतिकारशक्ती एका जंतूपुढे इतकी सरस आणि दुसऱ्यापुढे इतकी दुबळी ठरावी, हे पशुवैद्यकातले एक मोठे कोडेच आहे.

तिसरा जंतू लढतच नाही, तह करतो. त्याचे नाव बार्टोनेला हेन्सेले. मांजराच्या पिसवा त्याला वाहून नेतात आणि तो तांबड्या पेशींमध्ये शिरून बसतो. महिनोन्‌महिने मांजराच्या रक्तात राहतो, कमी होतो, पुन्हा उफाळतो, आणि तेवढ्या काळात मांजर बहुधा मजेत उड्या मारत असते. कारण दोन. एक, याच्या कवचावरचे विषद्रव्य इतर अनेक जंतूंच्या मानाने फार सौम्य, त्यामुळे शरीराची धोक्याची घंटा जोरात वाजत नाही. दोन, प्रौढ तांबड्या पेशीला केंद्रक नसते; आत कोण शिरले आहे हे पृष्ठभागावर दाखवण्याची सोयच तिच्यात उरलेली नाही. प्रतिपिंडे तयार होतात, पण भिंतीआडच्या जंतूला ती गाठू शकत नाहीत. माणसाच्या अंगावर या जंतूचा परिणाम वेगळाच. पिसवेच्या विष्ठेने माखलेल्या नखांनी ओरबाडले की काही दिवसांनी काखेतली किंवा मानेतली गाठ सुजते आणि ताप येतो. निरोगी माणसाला हे बहुधा आपोआप बरे होते. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना मात्र यातून गंभीर दुखणे उद्भवू शकते. पिसवा आवरणे, हाच मूळ उपाय.

आणखी एक जंतू आहे, आणि त्याच्यात खरे वाईट शरीराकडूनच होते. मायकोप्लाझ्मा हीमोफेलिस तांबड्या पेशीच्या आत शिरत नाही. बाहेरून चिकटून बसतो. शरीर त्याला परका मानून प्रतिपिंडे सोडते. पण ती जिथे चिकटतात ती पेशी मांजराची स्वतःची! मग पाणथरी आणि यकृतातल्या भक्षक पेशी जंतूसह पेशीही खातात, तांबड्या पेशींची संख्या भराभर घटते, हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, कधी कावीळ चढते. काही वेळा पाणथरी पेशीवरचा जंतू तेवढा खरवडून काढते आणि पेशीला रक्तात परत सोडते. बाहेर हिंडणाऱ्या, मारामाऱ्या करणाऱ्या बोक्यांमध्ये हा आजार जास्त आढळतो. एकदा बरे झालेले मांजर याच जंतूपुढे पुन्हा सहसा हरत नाही, हे प्रयोगांत दिसले आहे. या जंतूला पेशीभित्तिका नसते, म्हणून त्या भित्तिकेवर घाला घालणारे पेनिसिलिन इथे निरुपयोगी ठरते, डॉक्सिसायक्लिन चालते.

आता तो प्रकार, ज्यात घरच्या माणसांची सर्वांत जास्त फसगत होते. बोके भांडतात आणि दाताची बारीक भोके कातडीखाली गळू करतात. मांजराच्या तोंडात असणारा पाश्चरेला मल्टोसिडा हा त्यातला नेहमीचा जंतू. गळू फुटून निवळले तर ठीक. पण जंतू रक्तात पसरले आणि शरीराची प्रतिक्रिया आवरेना, तर त्याला डॉक्टर सेप्सिस म्हणतात. भक्षक पेशी धोक्याची द्रव्ये सोडतात, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब घसरतो. माणसात आणि कुत्र्यात अशा वेळी हृदय धडधडते, ताप चढतो. मांजरात मात्र बरेचदा उलट घडते. दवाखान्यात मोजल्यावर मिनिटाला १६० ते २२० च्या आसपास भरणारे ठोके मंदावू शकतात, अंग गार पडते, पोट दुखते, हिरड्या फिकटतात. नेहमीचे तापमान ३८ अंश सेल्सियसच्या पुढे. ते खाली आले तर धोका कमी नव्हे, वाढलेला समजावा. त्यात मांजराच्या फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतच भक्षक पेशी ठाण मांडून असतात. रक्तातले जंतू त्या तिथेच पकडतात, आणि या चकमकीत फुप्फुसांना लवकर इजा होते. श्वास जलद होतो, तेही निमूटपणे.

कोपऱ्यात जाऊन बसलेले, अन्नाला न शिवणारे मांजर ‘रुसलंय’ म्हणून सोडून दिले जाते, ते बहुधा या शांतपणामुळेच. रक्ताच्या तपासणीतही मांजराचे वेगळेपण पाहावे लागते. माणसात दाह मोजायला सीआरपी पाहतात. मांजरात त्याचा फारसा उपयोग होत नाही, सीरम अ‍ॅमिलॉइड ए नावाचे प्रथिन पाहावे लागते. रक्त चढवायचे तर गट जुळवणे सक्तीचे. मांजरात ए, बी आणि एबी असे गट आहेत आणि बी गटाच्या मांजरात ए गटाविरुद्धची तीव्र प्रतिपिंडे निसर्गतःच असतात. चुकीचे थोडेसे रक्तही जिवावर बेतते. अशा सोयींसाठी पेण-रोह्याकडच्या माणसाला बहुधा मुंबईच गाठावी लागते. १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय परळचे, आणि सुरुवातीला आलेली ती प्रयोगशाळा, म्हणजे हाफकिन यांची जुनी प्लेग प्रयोगशाळाही, परळचीच.

तोवर घरी काय करावे? अंग गार असेल तर उबेत ठेवावे, जबरदस्तीने खाऊ घालू नये. आणि ताप आला असे वाटले तरी घरातली पॅरासिटामॉलची गोळी मुळीच देऊ नये. ते औषध पचवून बाहेर टाकण्याची यकृतातली प्रक्रिया मांजरात फार अपुरी असते. रक्तातले हिमोग्लोबिन बिघडते, प्राणवायू वाहेनासा होतो आणि हिरड्या तपकिरी दिसू लागतात. माणसाच्या नेहमीच्या एका गोळीनेही मांजर दगावू शकते. डॉक्सिसायक्लिनची गोळी डॉक्टरने दिली असेल तर ती नुसती घशात ढकलू नये, कारण ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम आणि पुढे आकुंचन करू शकते. गोळीमागून पिचकारीने थोडे पाणी पाजावे किंवा लगेच अन्न खाऊ घालावे.