अंतर्गत लेखापरीक्षक म्हणजे कोण, आणि आपल्या पैशाशी त्याचा काय संबंध?

दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालक येतात. 'सर, पोरीने कॉमर्स घेतलंय, पुढे काय करायचं?' बँकेची परीक्षा, सीए, नाहीतर बीएड, एवढ्यावरच गाडी थांबते. गेल्या वर्षी आमची एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली. नागपूरच्या एका फर्ममध्ये कामाला आहे, बँकांच्या शाखांमध्ये जाऊन हिशोब तपासते. तिच्या अम्मीला अजून नीट सांगता येत नाही की मुलगी नेमकं काय करते. 'ऑडिटला जाते' एवढंच ती सांगते. त्या कामाला अंतर्गत लेखापरीक्षण म्हणतात. ज्यांची थोडीफार बचत बँकेत किंवा पतसंस्थेत आहे, अशा प्रत्येक घराला हे काम कळायला हवे, म्हणून हा लेख.

घटक चाचणी आणि बोर्डाची परीक्षा

आम्ही शिक्षक, म्हणून उदाहरणही शाळेचेच देतो. बोर्डाची परीक्षा वर्षातून एकदा होते. पेपर तपासणारा बाहेरचा असतो, तो मुलाला ओळखत नाही. निकाल लागतो तेव्हा वर्ष संपलेले असते. संस्थेचे वैधानिक लेखापरीक्षण साधारण असेच असते. वर्ष संपल्यावर बाहेरचा लेखापरीक्षक येतो आणि ताळेबंद खरा दिसतो की नाही, ते सांगतो.

पण चांगली शाळा बोर्डाच्या निकालाची वाट पाहत बसत नाही. ती घटक चाचणी घेते, दर आठवड्याला वह्या तपासते, मूल मागे पडताना दिसले की घरी निरोप पाठवते. अंतर्गत लेखापरीक्षक म्हणजे वर्षभर वह्या तपासणारा हा माणूस. तो संस्थेचा नोकर असतो किंवा संस्थेने नेमलेल्या फर्मचा. चूक वाढण्याआधी पकडायची आणि ती कोणत्या फटीतून आत आली ते शोधायचे, हे त्याचे काम.

मात्र चोरी पकडणे हेच त्याचे एकमेव काम आहे असे समजू नये. रोजची खबरदारी घेण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची असते. ती खबरदारी खरोखर घेतली जाते की फक्त कागदावर आहे, हे तो पाहतो आणि संचालक मंडळाला सांगतो.

वर्ध्याने मोजलेली किंमत

आपल्या जिल्ह्याला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. २००१-०२ मध्ये 'होम ट्रेड' नावाची एक दलाल कंपनी होती. क्रिकेट आणि सिनेमातले मोठे तारे तिच्या जाहिरातीत झळकत. सहकारी बँकांनी आपला काही पैसा सरकारी रोख्यांत ठेवायचा असतो. नागपूर, वर्धा, उस्मानाबाद अशा जिल्हा मध्यवर्ती बँकांनी हे रोखे अशा दलालांमार्फत घेतले. पैसे गेले, बँकेच्या वहीत 'गुंतवणूक' अशी नोंदही झाली, पण रोखे हातात आलेच नाहीत. २००२ मध्ये हे उघड झाले. नागपूरच्या बँकेचे दीडशे कोटींच्या आसपास अडकले. त्या खटल्याचा निकाल लागायला २२ डिसेंबर २०२३ उजाडला. बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना ५ वर्षांची शिक्षा झाली. शिक्षेविरुद्ध अपील झाले. पण ज्यांचे पैसे होते, त्यांची मधली एकवीस वर्षे कोणत्याही निकालाने परत येणार नव्हती.

पुढे थकीत कर्जाचे ओझेही वाढत गेले आणि नागपूर, वर्धा, बुलडाणा या तिन्ही जिल्हा बँका बँकिंग परवान्याच्या अटींत बसेनात. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राने देशातील अशा २३ विनापरवाना जिल्हा बँकांना सावरण्याची योजना मंजूर केली. त्यात महाराष्ट्रातल्या याच तीन बँका होत्या. मधल्या काळात कापूस-सोयाबीनचे शेतकरी पीककर्जासाठी दारोदार फिरले आणि ठेवीदार स्वतःच्याच पैशासाठी रांगेत उभे राहिले.

आता विचार करा. अशा व्यवहारात अंतर्गत लेखापरीक्षकाने विचारायचा प्रश्न किती साधा होता! 'साहेब, वहीत रोखे लिहिलेत. रोखे कुठे आहेत, दाखवा.' दलालाने दिलेला कागद म्हणजे रोखा नव्हे. ज्याच्या नोंदवहीत रोख्यांचा खरा मालक लिहिलेला असतो, तिथून खात्री करून घ्यायची असते. हा प्रश्न वेळेवर, जोरात आणि योग्य माणसाला विचारला जाणे म्हणजेच अंतर्गत लेखापरीक्षण.

योगायोग पाहा. त्याच २००२ साली अमेरिकेत वर्ल्डकॉम या दूरध्वनी कंपनीत सिंथिया कूपर नावाच्या अंतर्गत लेखापरीक्षक बाई होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कधी रात्री थांबून नोंदी तपासल्या आणि खर्चाला मालमत्ता दाखवून केलेला सुमारे ३.८ अब्ज डॉलरचा घोळ बाहेर काढला. वरिष्ठांनी तपास पुढे ढकलायला सांगूनही त्या थांबल्या नाहीत, थेट संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीकडे गेल्या. त्यांना जाण्यासाठी असे एक दार होते, हे लक्षात ठेवा.

काम कसे बदलले

पूर्वी अंतर्गत लेखापरीक्षक म्हणजे हिरव्या पेनाने व्हाऊचरवर खूण करणारे गृहस्थ. बेरीज बरोबर, सही आहे, तिकीट लावले आहे, पुढचे पान. आज व्यवहार संगणकात होतात, मोबाईलवरून पैसे क्षणात जातात. सगळे तपासणे शक्य नाही. म्हणून आधी धोका कुठे जास्त आहे ते ठरवायचे आणि तिथे जास्त वेळ द्यायचा. याला जोखीम-आधारित लेखापरीक्षण म्हणतात. रिझर्व्ह बँकेने २००२ च्या डिसेंबरमध्ये व्यापारी बँकांना ही पद्धत सांगितली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती ५०० कोटी आणि त्याहून अधिक मालमत्तेच्या नागरी सहकारी बँकांनाही लागू केली. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३८ ने शेअर बाजारात नोंदलेल्या सर्व कंपन्यांना आणि ठराविक मर्यादेपुढच्या इतर कंपन्यांना अंतर्गत लेखापरीक्षक नेमणे बंधनकारक केले.

आता त्याला संगणक प्रणालीही समजावी लागते. २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेचा घोटाळा उघड झाला. परदेशी बँकांना हमीचे संदेश पाठवणारी स्विफ्ट यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीशी जोडलेलीच नव्हती. संदेश जात राहिले, वहीत नोंद नाही. फक्त मुख्य प्रणाली पाहणाऱ्याला सगळे ठीकच दिसले.

पण म्हणून जुनी पद्धत टाकूनही चालत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांनी तिजोरीतली रोकड मोजली. तक्रारीनुसार १२२ कोटी रुपये कमी भरले. इथे मोठ्या तंत्रज्ञानाची गरज नव्हती. तिजोरी उघडून नोटा मोजायच्या होत्या.

अडचण ज्ञानाची नाही, हिमतीची आणि जागेची आहे

आमच्या त्या विद्यार्थिनीने एक प्रसंग सांगितला. एका शाखेत तारण सोन्याच्या पिशव्या तपासताना दोन पिशव्यांवरची सीलं वेगळी दिसली. तिने शेरा लिहिला. संध्याकाळी शाखाधिकाऱ्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, 'बेटा, एवढं कशाला लिहितेस, मी उद्या नीट करून घेतो.' माणूस वडीलधारा, बोलायला गोड. तिने शेरा काढला नाही, पण रात्री झोप लागली नाही. दोन दिवसांनी फर्मच्या साहेबांचा फोन आला, 'हे काम पुढच्या वर्षी पण आपल्याकडे राहायला पाहिजे ना?' शेवटी शेरा राहिला, भाषा मात्र मऊ झाली. तिने आम्हाला विचारले, 'सर, मी चुकले का?' 'लिहिलंस ते बरोबर केलंस,' एवढेच आम्ही म्हणालो. भाषा मऊ झाली त्याबद्दल काय बोलावे, ते आम्हालाही पटकन सुचले नाही.

या पेशाचे खरे दुखणे हेच आहे. ज्याचे तपासायचे, पगार किंवा फी त्याच्याच हातून येते. त्यावर उपाय म्हणून जगभर एक तत्त्व मानले जाते: अंतर्गत लेखापरीक्षकाने अहवाल व्यवस्थापकाला नव्हे, थेट संचालक मंडळाला किंवा त्याच्या लेखापरीक्षण समितीला द्यावा. मोठ्या बँकांत या विभागाच्या प्रमुखाला शक्यतो किमान ३ वर्षे हलवू नये, असेही रिझर्व्ह बँक सांगते. लिहिले म्हणून उद्या बदली, अशी भीती राहू नये, हा त्यामागचा हेतू.

दुसरी अडचण वेळेची. थोडी फी, खूप शाखा, तीन दिवसांत अहवाल. तिसरी अडचण सर्वांत वाईट. अहवाल येतो, फायलीत लागतो, पुढच्या वर्षी तेच मुद्दे पुन्हा येतात. आमच्या भाषेत सांगायचे तर वहीत लाल शाईने शेरा आहे, पण पालकांची सहीच नाही.

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येत होते. एकाच उद्योगसमूहाची कर्जे लपवायला २१,०४९ बनावट खाती दाखवली होती. एवढी खाती एका दिवसात तयार होत नाहीत.

आपण काय करायचे?

'हे मोठ्या लोकांचे काम, आपल्याला काय कळते,' असे म्हणू नका. पतसंस्थेचे किंवा सहकारी बँकेचे सभासद असाल तर तुम्ही तिचे मालक आहात. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. आपल्याकडे सभेला जाऊन नाश्ता करून, सही करून परत यायची पद्धत आहे. या वेळी तिथे थोडे थांबा आणि चार गोष्टी विचारा: मागच्या लेखापरीक्षणात कोणते दोष निघाले, त्यातले किती दूर झाले, अंतर्गत तपासणी कोण करतो, तो अहवाल कोणाला देतो. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.

ठेव ठेवण्याआधी एक फरक समजून घ्या. बँकेतील ठेवींना, सहकारी बँकासुद्धा, ठेव विम्याचे संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेमागे ५ लाख रुपयांपर्यंत आहे, व्याज धरून. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा नाही. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त काकांनी अर्धा-एक टक्का जास्त मिळतो म्हणून लेकीच्या लग्नाची सगळी रक्कम एका पतसंस्थेत ठेवली होती. लग्न झाले, पण उसने घेऊन. पतसंस्था वाईटच असतात असे नाही, अनेक चांगल्या चालतात. पण तिथे तुमची पहिली सुरक्षितता म्हणजे तपासणी.

हाच नियम आपल्या स्वतःच्या संस्थांनाही लागू आहे. मस्जिद, मदरसा, शिक्षण संस्था, बैतुलमाल, सगळीकडे लोकांची अमानत असते. ट्रस्टचा हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे आणि वक्फचा वक्फ मंडळाकडे द्यायचा असतो. पण ती बोर्डाची परीक्षा झाली. घटक चाचणी आपण घ्यायची. पावतीपुस्तक एकाकडे, रोकड दुसऱ्याकडे, बँकेवर दोघांच्या सह्या. दर तीन महिन्यांनी कमिटीबाहेरच्या दोन जाणकारांनी पावत्या आणि बँकेचे पासबुक जुळवून पाहायचे आणि हिशोब फलकावर लावायचा. यात खजिनदारावर संशय नाही. उलट प्रामाणिक खजिनदाराला उद्या कोणी बोट दाखवू नये, म्हणून हे त्याचेच संरक्षण आहे.

आणि कॉमर्स घेतलेल्या मुलींच्या पालकांना उत्तर. बारावीनंतर सीएची फाउंडेशन, मग इंटरमिजिएट, दोन वर्षे आर्टिकलशिप, मग फायनल. हा रस्ता लांब आहे, पण नागपूरला सीए संस्थेची शाखा आहे, वर्ध्याहून रोज रेल्वेने ये-जा करणारी मुले आहेत. आमची विद्यार्थिनी त्यातलीच. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. त्या शाखेत ती पुन्हा गेली होती, आणि या वेळी तिने आधी त्याच दोन पिशव्या मागवल्या.